घरचा आवाज

बावीस सेकंद बोलायचं आणि त्याच्या बदल्यात वर्षभर यादीत राहायचं, असा तो सौदा होता. आवाजवाल्याने तो मनातल्या मनात उलटासुलटा करून पाहिला आणि दोन्ही बाजूंनी तो त्याला आपल्याच फायद्याचा दिसला. बुडीत सौदे पहिल्या नजरेला असेच दिसतात, हे त्रेसष्टाव्या वर्षी त्याला माहीत असायला हवं होतं. पण गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, आणि ज्याला मानाची गरज असते त्याला तर मुळीच नसते.

यादी म्हणजे स्टुडिओच्या मालकाच्या खोलीत दारामागे चिकटवलेला एक कागद. एके काळी त्यावर चौदा आवाजांची नावं होती. मग संगणक बोलायला लागला. संगणकाचा घसा बसत नाही, त्याला मध्येच चहा लागत नाही आणि 'आमच्या काळी' अशी सुरुवात करून तो कोणाचा वेळ खात नाही. साबण गेला, पंखा गेला, गुडघ्याचा पट्टा गेला. चौदाची सहा नावं झाली, सहाची तीन. गेल्या अख्ख्या वर्षात आवाजवाल्याला चार कामं मिळाली होती, आणि त्यातलं एक लिफ्टमधलं होतं. ज्या माणसाने एका पिढीला दात घासायला लावले, तो आता लोकांना तिसरा मजला आल्याचं सांगत होता.

अशात मालकाचा फोन आला. प्रभागाची निवडणूक होती. टाइल्सचा मोठा व्यापारी उभा होता आणि त्याला टीव्हीवर जाहिरात करायची होती, तीही जिवंत माणसाच्या आवाजात. हे काम केलंस तर पुढचं वर्षभर तुझं नाव कागदावर पक्कं, असं मालक म्हणाला. विरोधात कोण आहे ते आवाजवाल्याने विचारलं नाही. ते त्याच्या बायकोने विचारलं.

"शाळेच्या बाई," तो म्हणाला.

बायको कपडे घड्या करत होती. तिचा हात थांबला. शाळेच्या बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका, दहा वर्षं प्रभागाच्या नगरसेविका. अर्ध्या वस्तीने त्यांच्या हातच्या छड्या खाल्ल्या होत्या आणि उरलेल्या अर्ध्या वस्तीची मुलं त्यांच्याकडे शिकली होती. बंद पडलेल्या टपाल कचेरीच्या इमारतीत त्यांनीच म्हाताऱ्या माणसांसाठी दिवसघर उघडलं होतं. सकाळी नऊला गाडी दारात यायची आणि संध्याकाळी पाचला परत आणून सोडायची. त्या गाडीत बसणाऱ्या सव्वीस माणसांपैकी एक होती आवाजवाल्याची थोरली बहीण.

"म्हणजे ज्या ताटात ताई जेवतात, त्यातच तुम्ही…"

"अगं, टीव्ही बघतंय कोण आता?" तो म्हणाला, आणि मग त्याने सविस्तर सांगितलं. लोकांची मनं आधीच ठरलेली असतात. ज्याला जे आवडतं तेच तो फोनवर बघतो. जाहिरात लागली की माणूस पाणी प्यायला उठतो. बावीस सेकंदांनी आजवर एकाचंही मत फिरलेलं नाही. ज्या धंद्यावर चाळीस वर्षं चूल पेटली तो धंदा कसा कुचकामी आहे, हे तो बायकोला अगदी पोटतिडकीने पटवून देत होता.

"मग ते कशाला पैसे घालतात त्यात?" बायकोने विचारलं.

त्यावर तो आंघोळीला गेला.

ताई मागच्या खोलीत राहायची. शहात्तर वर्षांची, त्याच्याहून तेरा वर्षांनी मोठी. तिच्या नजरेच्या बरोबर मधोमध एक डाग पडला होता. कडेकडेचं दिसायचं, समोरचं नाही. दाराची चौकट दिसायची, पण दारात उभ्या माणसाचा चेहरा पुसलेला. त्यामुळे टीव्ही ती बघायची नाही, ऐकायची. आणि ऐकण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. भावाचे किती आवाज आहेत ते तिने कधीच मोजून ठेवलं होतं. तेलाचा आवाज पोटातून यायचा, साड्यांचा नाकातून, विम्याचा कुठून यायचा ते देवाला ठाऊक. त्याची जाहिरात लागली की ती आपल्या खोलीतून ओरडायची, "धाकट्या, थापा मारतोयस रे!" आणि तो स्वयंपाकघरातून हसायचा. तो त्यांचा जुना खेळ होता.

पण एक आवाज या खेळात नव्हता. भाऊ अठरा वर्षांचा असताना ताईचा नवरा कारखान्यात अपघाताने गेला आणि तिला सांगायला घरच्यांनी यालाच पुढे ढकललं. मोठ्या माणसांपैकी कोणाची जीभ रेटेना. तो तिच्यासमोर बसला आणि जे झालं ते हळू, सरळ, मधे न थांबता सांगितलं. त्या दिवसापासून काही खरं आणि अवघड सांगायचं असलं की तो त्याच आवाजात बोलायचा. आई गेली तेव्हा. डोळ्यांच्या डॉक्टरांनी आता यावर इलाज नाही म्हटलं तेव्हा. त्या आवाजाला ताईने कधी उलट प्रश्न विचारला नाही. तो आवाज त्याने कधी विकलाही नव्हता. विकायचा नाही असं काही ठरवलं नव्हतं, पण गिऱ्हाइकाने तो मागितलाच नव्हता.

स्टुडिओत मालक होता आणि जाहिरात कंपनीची निर्माती होती, गळ्यात हेडफोन अडकवलेली, बोलायला गोड आणि ऐकायला कडक. तिने मजकुराचा कागद पुढे ठेवला. दिवसघर बंद ठेवण्याच्या कागदावर सही झाली आहे. सही बाईंची आहे. तारीखही ठरली आहे. त्या दिवशी सकाळी नऊला गाडी येणार नाही. आपल्या आईला तुम्ही कुठे बसवणार?

आवाजवाल्याने पेन्सिल काढली. त्याची पद्धत ठरलेली होती. श्वास कुठे घ्यायचा तिथे उभी रेघ, दाब कुठे द्यायचा तिथे खाली रेघ. अर्थाकडे पाहायचं नाही, कारण अर्थाकडे पाहिलं की आवाज अडखळतो, हे तो नवशिक्यांना वर्षानुवर्षं सांगत आला होता. तरी दिवसघर हा शब्द आला तेव्हा पेन्सिल जराशी थांबली. हे खरं आहे ना, असं त्याने विचारलं. निर्मातीने लगेच सरकारी कागदाची प्रत समोर केली. वर 'इमारत बंद ठेवण्याबाबत' असं लिहिलेलं, खाली बाईंची सही. वकिलाने पाहिलंय, ती म्हणाली. कागद दोन पानी होता, कोपऱ्यात टाचलेला. दुसरं पान उलटायला एक बोट पुरलं असतं. पण आवाजवाल्याचं बोट पेन्सिलीवर होतं.

पहिल्यांदा तो विम्याच्या आवाजात बोलला. मग औषधाच्या. मग जरा दाटल्या गळ्याने. सात वेळा झालं. काचेपलीकडून निर्माती म्हणाली, "काका, सुरेख आहे. पण जाहिरात ऐकू येतेय."

"जाहिरातच आहे ना ती?"

"आहे. पण ती ऐकू यायला नको."

मालक घड्याळाकडे पाहत होता. आता ही संगणकाचं नाव काढणार, असं आवाजवाल्याच्या मनात आलं. त्याने डोळे मिटले, आणि आठव्यांदा तो हळू, सरळ, मधे न थांबता बोलला. संपल्यावर काचेपलीकडे निर्मातीने हेडफोन काढून ठेवला आणि आपण आज आईला फोन केलेला नाही, असं ती स्वतःशीच पुटपुटली.

निघताना त्याच्याकडून एका कागदावर सही घेतली गेली. मतदान होईपर्यंत जाहिरातीबद्दल कुठे अवाक्षर काढायचं नाही. सही करायला त्याला काहीच वाटलं नाही. न बोलण्याची हमी द्यायला आवाजवाल्याचं काय जातं?

तीन दिवसांनी जाहिरात लागली, संध्याकाळच्या बातम्यांच्या आधी. तो स्वयंपाकघरात होता. मागच्या खोलीतून नेहमीची हाक येईल म्हणून त्याने कान टवकारले. हाक आली नाही. त्याने डोकावून पाहिलं तर ताई पलंगावर ताठ बसली होती, टीव्हीचा आवाज बंद करून. गाडी खरंच बंद होणार का, असं तिने त्याला विचारलंसुद्धा नाही. जे त्या आवाजात सांगितलं गेलं ते तिला पुन्हा विचारायची गरज नव्हती.

पुढचं त्याला रोज संध्याकाळी ताईच्या तोंडून कळत गेलं. दिवसघरात आधी दोन तट होते. निम्मे म्हणत होते, टीव्हीवर काय, काहीही दाखवतात. गाडीचा ड्रायव्हर म्हणाला होता, मला तर कोणी काही सांगितलेलं नाही. एक निवृत्त कारकून होते, त्यांनी तर या जाहिराती म्हणजे शुद्ध धूळफेक असं भाषणच ठोकलं. तेव्हा ताई उठली. तिने सांगितलं की हा बोलणारा माझा सख्खा भाऊ आहे. तो पोटासाठी शंभर थापा मारतो आणि त्यातली प्रत्येक मला ओळखता येते. पण ही थाप नाही. हा त्याचा घरचा आवाज आहे. कारकून खाली बसले. जाहिरातीला जे जमत नव्हतं ते ताईच्या शब्दाने झालं. ती माणसं घरी गेली आणि त्यांनी आपल्या मुलांना, सुनांना, शेजाऱ्यांना सांगितलं, आणि ते आता टीव्हीवरचं राहिलं नव्हतं, आपल्यातल्या माणसाने सांगितलेलं झालं होतं.

मतदानाला चार दिवस उरले असताना बाई स्वतः दिवसघरात आल्या. त्यांनी त्या कागदाच्या प्रती प्रत्येकाच्या हातात दिल्या. मी तोंडाने सांगितलं तर प्रचार म्हणाल, दुसरं पान तुम्हीच वाचा, एवढंच त्या सांगत राहिल्या. पण तिथे चष्मे कोणाचे घरी राहिले होते, कोणाची नजर अधू होती, आणि ज्यांना वाचता येत होतं त्यांनीही कागदाकडे न बघता ताईकडे पाहिलं. ताई बाईंना म्हणाली, मी हा घरी भावाला वाचायला देते.

त्या संध्याकाळी तिने पर्समधून कागद काढून त्याच्यापुढे धरला. बायको भाजी आणायला गेली होती.

"वाच रे, काय लिहिलंय ते. बाई बिचाऱ्या फार काकुळतीला आल्या होत्या."

तो तिच्यासमोर खुर्ची ओढून बसला. पहिलं पान त्याने मोठ्याने वाचलं. वाचता वाचता त्याने पान उलटलं आणि दुसऱ्यावरून नजर फिरवली. छताच्या दुरुस्तीसाठी सहा आठवडे इमारत बंद. त्या काळात सभासदांची बसायची सोय वाचनालयाच्या तळमजल्यावर. गाडी नेहमीच्या वेळेला येईल. तीन ओळी होत्या फक्त.

त्या तीन ओळींना किती किंमत पडेल, याचा त्याने चटकन अंदाज घेतला. यादीतलं नाव जाईल. तेही सोसलं असतं, असं तो पुढे स्वतःला सांगत राहिला. पण ताईने पंचवीस जणांपुढे त्याची ग्वाही दिली होती. उद्या तिला त्याच माणसांपुढे उभं राहून भावाने फसवलं म्हणावं लागलं असतं. तिची मान खाली जाऊ नये म्हणूनच आपण थांबतोय, असं त्याला वाटलं. स्वतःची कातडी वाचवताना दुसऱ्याच्या मानाची ढाल पुढे करणं फार सोपं असतं. मतदान झालं की सांगू, त्याने ठरवलं.

"एवढंच?" ताईने विचारलं.

"एवढंच."

"दुसरं पान आहे म्हणत होत्या त्या."

"सह्या आणि शिक्के आहेत ताई," तो म्हणाला, हळू, सरळ. आणि हे बोलताना आपण कोणता आवाज वापरला ते त्याला स्वतःला ऐकू आलं.

ताईने मान हलवली. कागदाची नीट घडी करून तो पर्समध्ये ठेवला. दुसऱ्या दिवशी दिवसघरात तिने तेच सांगितलं, आणि बाकीच्यांनीही आपापल्या प्रती घडी करून ठेवल्या.

मतदानाच्या दिवशी सव्वीसच्या सव्वीस म्हातारी माणसं केंद्रावर गेली, काठ्या टेकत, एकमेकांना धरून. तरुण मंडळी सुट्टी म्हणून गावाबाहेर पसार झाली होती. बाई एकशे सत्याऐंशी मतांनी पडल्या.

दुसऱ्या दिवशी आवाजवाला स्टुडिओत गेला तेव्हा मालक खुशीत होता. दारामागच्या कागदावर त्याने आवाजवाल्याच्या नावापुढे बरोबरची खूण केली. आवाजवाल्याने जरा चाचरत विचारलं की टीव्ही तर आता कोणी बघत नाही, मग हे जाहिरातीने झालं असेल असं तुम्हाला वाटतं का.

"टीव्ही कोण बघतं? म्हातारी माणसं," मालक म्हणाला. "आणि प्रभागाच्या निवडणुकीला उन्हात रांगेत कोण उभं राहतं? तीच. आता मत जाहिरातीने फिरलं की दुसऱ्या कशाने, ते मलाही कळत नाही. टाइल्सवाल्यालाही कळत नाही. कळत नाही म्हणून तर आपलं दुकान चालतं."

घरी येताना त्याने हिशेब मांडला. सव्वीस माणसं. प्रत्येकाच्या घरची आणि ओळखीची धरून फार तर शंभर मतं इकडची तिकडे. एकशे सत्याऐंशीला ती पुरत नाहीत. म्हणजे बाई पडणारच होत्या. एक मत फिरलं की फरक दोनाचा पडतो, एवढं मात्र त्याने हिशेबात धरलं नाही. हा हिशेब त्याने बायकोलाही ऐकवला.

"बरं झालं," ती म्हणाली. "मतदारांवर काही परिणाम नाही झाला. ताईंवर झाला, तेवढं सोडलं तर."

ताईला खरं सांगायचं तेवढं राहून गेलं. आधी ती खुशीत होती म्हणून, मग तिला सर्दी झाली म्हणून, मग आता सांगून काय उपयोग म्हणून.

टाइल्सवाला शब्दाचा पक्का निघाला. दिवसघर एक दिवसही बंद राहणार नाही, असं त्याने जाहीर केलं होतं, आणि ते त्याने पाळलं. दुरुस्तीचं काम पहिल्याच बैठकीत रद्द झालं. त्याच्या नावाची पाटी लागली, व्हरांड्यात नव्या टाइल्स बसल्या. खाली पाय ठेवायला उत्तम सोय झाली, वर कोणी पाहिलं नाही. पाच महिन्यांनी एका रविवारी छताचा मोठा तुकडा, आतल्या गंजलेल्या सळईसकट, पत्त्यांच्या टेबलावर कोसळला. रविवार होता म्हणून कोणी नव्हतं. सोमवारी इंजिनिअर आला, काठीने इकडेतिकडे ठोकून त्याने कान दिला, आणि संध्याकाळपर्यंत दाराला सील लागलं. इमारत वापरण्यास धोकादायक. वाचनालयाचा तळमजला तोवर दुसऱ्या कोणाला भाड्याने गेला होता. टाइल्सवाल्याने टीव्हीवर येऊन आधीच्या लोकांच्या दुर्लक्षाबद्दल खेद व्यक्त केला.

मंगळवारी सकाळी ताई सवयीने तयार होऊन बसली. नऊ वाजून गेले. मग तिने पर्स उघडून तो घडी केलेला कागद काढला आणि भावजयीला हाक मारली. आवाजवाला दारातच उभा होता. ताईला त्याचा चेहरा दिसत नव्हता, पण तो तिथे आहे हे तिला कळत होतं. तरी कागद तिने त्याच्याकडे दिला नाही.

"हे दुसरं पान वाच गं मला."

बायकोने पान उलटलं. तिने एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि तिन्ही ओळी वाचल्या, जशा होत्या तशा.

"पुन्हा वाच," ताई म्हणाली. बायकोने पुन्हा वाचल्या.

आवाजवाला पुढे झाला. "ताई," म्हणून थांबला. पुढचं कोणत्या आवाजात बोलावं ते त्याला सुचेना. होते नव्हते ते सगळे वापरून झाले होते.

"तुला तेव्हा ठाऊक होतं?" तिने विचारलं.

"हो."

"माझ्यासमोर बसून वाचत होतास तेव्हा?"

"तेव्हाच कळलं."

"बरं," ताई म्हणाली. तिने आदळआपट केली नाही की डोळ्यांना पदर लावला नाही. दुपारी नेहमीसारखी जेवली. दोन दिवसांनी तो तिला म्हणाला की डॉक्टरांनी डोळ्यांतले थेंब आता दोनदा घालायला सांगितलेत. तिने ऐकून घेतलं. तो खोलीतून गेल्यावर तिने भावजयीला हळूच विचारलं, डॉक्टरांची चिठ्ठी आहे का, काय लिहिलंय तीवर. तो भिंतीपलीकडेच होता. पुढे हे रोजचंच झालं. तारीख, हवा, कोण आलं होतं, दार लावलं की नाही, काहीही असो. तो सांगायचा, ती ऐकायची, आणि मग दुसऱ्या कोणाकडून तरी खात्री करून घ्यायची. त्याच्याशी बोलणं तिने तोडलं नाही. फक्त त्याचं ऐकून चालणं बंद केलं.

तेव्हा या सौद्याची किंमत म्हणून कोणी काय भरलं, ते एकदा लिहून टाकलेलं बरं. टाइल्सवाल्याने फक्त जाहिरातीचे पैसे भरले, आणि तेही त्याला खुर्चीच्या रूपाने वसूल झाले. मालकाने काहीच भरलं नाही. आवाजवाल्याचं नाव कबूल केल्याप्रमाणे वर्षभर कागदावर राहिलं आणि वर्षात दोन कामं आली. बाईंनी दहा वर्षं भरली. त्या अजून कधीमधी ताईला भेटायला येतात आणि त्या कागदाचा विषय काढत नाहीत. गाडीच्या ड्रायव्हरने नोकरी भरली. दोन सुनांनी अर्ध्या दिवसाची कामं धरली, कारण घरात आता कोणीतरी थांबायला हवं होतं. निवृत्त कारकुनांना मुलाने दुसऱ्या शहरात नेलं. उरलेल्यांनी आठवड्याचे पाच दिवस भरले, नऊ ते पाच. ताईने हे सगळ्यांइतकं भरलंच. त्याशिवाय ज्याचं बोलणं डोळ्यांनी पडताळून पाहावं लागत नाही असं एकच माणूस तिच्याजवळ होतं. तेही तिनेच भरलं.